वादातला बांध

दूधवाल्यानं एखाद्या दिवशी दूध जरा घट्ट दिलं, की मला वाटतं, म्हणजे कालपर्यंत हा पाणी घालत होता. शहरात औरंगपुऱ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं 'ताई, तुमच्या हाताला तोड नाही' असं म्हटलं, की मी मनात म्हणते, हिला उद्याच्या उद्या हवंय. आणि तिला हवं असतंच. नवरा म्हणतो, तुझ्यापुढं देव उभा राहिला तर तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील. मागेनच. फोटो जुळतो का तेही बघेन.

हा स्वभाव मी माहेराहून आणला. माहेर पिशोरचं, गावापासून जरा लांब, शेतातच घर. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आजोबांचं अख्खं आयुष्य रानोमाळ गेलं. वडिलांनी मेंढरं विकून जमीन घेतली आणि एका जागी बसले. फिरणाऱ्या माणसाला हद्दीचं काही वाटत नाही, पण जमीन एकदा नावावर झाली की तोच माणूस एका ढेकळासाठी हमरीतुमरीवर येतो. पेरणी झाली की वडील शेताच्या कडेकडेनं चालत जायचे आणि कुणी नांगराचं तास आपल्यात सरकवलंय का ते वाकून पाहायचे. आम्हा पोरांना वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं करतात.

आमच्या आणि शेजाऱ्याच्या शेताच्या मध्ये एक बांध आहे. लोकांचे असतात तसा तो हातभर रुंदीचा नाही. त्याच्यावर बैलगाडी आडवी उभी राहील. वडील म्हणायचे, सगळा आपला. शेजारी म्हणायचा, सगळा त्याचा. हद्दीचा दगड कुणाच्याच पाहण्यात नव्हता, आणि तो दुसऱ्यानंच उपटून विहिरीत टाकलाय याबद्दल दोन्ही घरांची खात्री होती. भांडणं झाली, एकमेकांच्या सात पिढ्या काढून झाल्या, शेवटी पंच बसले. पंचांनी चहा पिऊन सांगितलं, की निकाल लागेपर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही. पुढं पंच म्हातारे झाले, एकेक करून गेले, निकाल काही लागला नाही.

हात लावायचा नाही म्हणजे अजिबात नाही. बांधावरची काडी जो उचलेल त्यानं बांधावर हक्क सांगितला, असं दोन्ही घरांनी धरून ठेवलं होतं. त्यामुळं तिथली बोरं पिकून गळायची आणि आम्ही पोरं कडेला उभी राहून लाळ गिळायचो. वाळलेली फांदी पडली की पडल्या जागी कुजायची. आई सरपणासाठी लांबच्या टेकडीपर्यंत पायपीट करायची, पण शंभर पावलांवरच्या त्या वाळल्या लाकडाकडं मान वळवून बघायची नाही. पोळं लागलं तर मध माश्यांनीच खायचा. आणि पाऊसपाण्यावर ते सगळं आपल्या मनानं वाढत गेलं. मधोमध हिवराचं एक जुनं झाड, त्याच्या दोन्ही अंगाला बोरीची जाळी, तरवड, रुई, घायपात, आणि सगळ्यांवर चढलेली गुळवेल. आत काय आहे ते बाहेरून दिसायचं नाही. वडिलांना तोही शेजाऱ्याचा डाव वाटायचा.

राखणीला मी होते. शाळा सुटली की शेळ्या घेऊन बांधाच्या अलीकडं बसायचं आणि पलीकडून कुणी काही उचलतंय का ते पाहायचं, एवढंच काम. झाडोरा जिथं विरळ होता तिथनं पलीकडं बसलेला शेजाऱ्याचा मुलगा दिसायचा, माझ्याच वयाचा, दोन म्हशी घेऊन. त्यालाही तेच काम. मी त्याच्याकडं रोखून पाहायची, तो माझ्याकडं रोखून पाहायचा. आमचं अख्खं लहानपण असं समोरासमोर गेलं आणि आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तो शेंगा खात असला तरी मला वाटायचं, या शेंगा आमच्याच असणार.

एकदा बोरीच्या काट्यावर मला एक टोळ खोचलेला दिसला. नुसता अडकलेला नाही, चांगला पाठीतून आरपार खोचलेला. दोन काटे सोडून आणखी एक. काही दिवसांनी सरड्याचं पिल्लू, तेही तसंच. मी घरी पळत जाऊन वडिलांना सांगितलं. आमच्या भागात कुणाच्या अंगणात दगड पडले, धुतलेल्या कपड्यावर काळ्या फुल्या उमटल्या, की लोक भानामती म्हणायचे. आता कमी झालंय, तेव्हा फार होतं. वडिलांनी काटा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग बांधाच्या कडेला उभे राहून त्यांनी पलीकडच्या घराचा उद्धार केला. आश्चर्य म्हणजे पलीकडूनही तसाच आरडाओरडा झाला. त्यांच्या बाजूच्या काट्यावर उंदराचं पिल्लू सापडलं होतं आणि ती करणी आमची होती. त्या दिवसापासून दोन्हीकडची जनावरंसुद्धा कुणी बांधाजवळ जाऊ देईना. मला मात्र राखणीला बसावं लागायचंच, आणि मी भीतीनं अर्धी होऊन त्या मुलाच्या हातांकडं पाहत राहायची.

पुढं माझं लग्न झालं, मी शहरात आले, शिवण शिकले. वडील गेले. शेजारीही गेला. इकडं माझा धाकटा भाऊ शेती पाहायला लागला, तिकडं तो मुलगा, आता मिशा पिकलेला माणूस; शेजारी म्हणजे आता तोच. सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं. वर्षाकाठी चार-पाच वेळा मी पिशोरची एसटी धरते. दरवेळी खिडकीतून पाहते तर शिवार आणखी मोकळं झालेलं असतं. लोकांनी बांध खरवडून खरवडून दोरीएवढे केलेत. जे उरलेत त्यांच्यावर तणनाशक मारतात, ते पिवळे पडलेले दिसतात. कपडा बेतताना शिलाईपुरतीही माया ठेवायची नाही, तसली ती शेती. त्या सगळ्यात आमचा बांध लांबून ओळखू येतो, हिरवा काळपट. मी एसटीतूनच तो आहे का ते पाहते आणि मग खाली उतरते.

दोन-तीन वर्षांपूर्वी भाऊ विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि ओल्या हातानं स्टार्टरला चिकटला. घरात कुणी नव्हतं. त्याचं ओरडणं ऐकून पलीकडून शेजारी पळत आला आणि वाळक्या फांदीनं त्यानं भावाला मागं ढकललं. मग मोटारसायकलवर आपल्या पाठीशी उपरण्यानं बांधून दवाखान्यात नेलं. भाऊ वाचला. मला फोन आला तेव्हा मी दुकानात मशिनवर डोकं टेकून रडले, आणि रडून झाल्यावर पहिला विचार काय आला असेल तर हा, की तो माणूस इतक्या लवकर पोचला कसा? बांधाच्या इतक्या जवळ तो करत काय होता?

त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं. भाऊ फोनवर त्याचं नाव इतक्या प्रेमानं घ्यायला लागला की मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. ताक इकडून तिकडं, खुडलेल्या मिरच्या तिकडून इकडं. मी म्हणायची, जपून. भाऊ म्हणायचा, "आक्का, त्यानं मला जीव दिला, आता काय जपू?"  पण जीव वाचला म्हणून शंका जाते असं थोडंच आहे.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी भावाचा फोन आला. एरवी तो 'कधी येणार' असं विचारतो. त्या दिवशी म्हणाला, "आक्का, ह्या आठवड्यात तू काय येत नसशील ना? ऊन लई हाय. नको येऊ." उन्हाची काळजी! मी लहान असताना हाच भाऊ मला भर उन्हात चिंचा पाडायला झाडावर चढवायचा. मी म्हटलं, "नाही रे, लग्नसराईचे ब्लाउज पडलेत, मला कुठलं यायला होतंय." फोन ठेवला, दुकानाचं शटर ओढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली गाडी धरली.

घरी पोचले तर ओट्यावर भाऊ आणि शेजारी मांडीला मांडी लावून चहा पीत होते. मला पाहून भावाच्या बशीतला चहा हिंदकळला. शेजारी उठून उभा राहिला, "या ताई" म्हणाला आणि लगेच काहीतरी काम आठवल्यासारखा निघून गेला. मी पिशवी खाली न ठेवता सरळ बांधाकडं गेले. बांधाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडोऱ्यातून वाट काढत कुणीतरी पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली होती. हिवराच्या बुंध्यालाही फक्की लागलेली होती. 

"हे काय हाय?" मी मागं वळून विचारलं. भाऊ तोवर मागोमाग आला होता.

"जेसीबी येणार हाय उद्या," तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला. "बांध काढून टाकायचा. अर्धा त्याचा, अर्धा आपला. मधी नुसती दगडाची एक लाईन. वाद मिटला, आक्का. दोन पिढ्यांची दुश्मनी मिटली."

"कुणी सुचवलं? त्यानं?"

"मी. मीच म्हणलं. त्याच्या बापाला आयुष्यभर ह्यो बांध पाहिजे व्हता. मला दुसरं देण्यासारखं काय हाय त्याच्यासाठी?"

"आणि तो व्हय म्हणला?"

"नाय कामून म्हणंल?"

हेच तर. नाही कशाला म्हणेल? माझ्या डोक्यात सगळं भराभर जुळायला लागलं. जीव वाचवला, मग ताक पाठवलं, मग मिरच्या, आणि आता आयता बांध. जेसीबीवाला त्याच्या ओळखीचा असणार, रेघ त्यानं ओढलेली असणार, आणि उद्या ती रेघ आमच्या बाजूला सरकलेली असणार. मी रेघेच्या कडेनं चालून पाहिलं. रेघ दोन्हीकडून सारख्याच अंतरावर होती. त्यामुळं माझा संशय आणखी वाढला.

त्या वर्षी भावानं बांधालगतच्या वावरात बियाण्याचा कांदा धरला होता. गुडघाभर उंच दांडे, त्यावर पांढऱ्या फुलांचे गोंडे, त्याला आमच्याकडं डेंगळे म्हणतात. या गोंड्यांवर माशी बसली नाही तर आत बी भरत नाही, नुसता फोलपट राहतो. गावात दुसरीकडं माश्या उरलेल्या नाहीत. तिकडं लोक गुळाचं पाणी शिंपडतात, बायका लावून गोंड्यांवरून तळहात फिरवून घेतात. आमच्या वावरात मात्र कानाला दडे बसतील एवढी गुणगुण होती. बांधाकडच्या ओळी तर फुलांपेक्षा माश्यांनीच भरल्यासारख्या दिसत होत्या.

मी भावाला तेच दाखवलं. "ह्या माश्या कुठून येतात? ह्या बांधातून. बांध गेला की तूबी तळहात फिरवत बस."

"माश्यांच्या पेट्या मिळतात भाड्यानं," तो म्हणाला. "अन् आक्का, बी काय, एक साल नाय झालं तर नाय झालं. मी शब्द दिलाय. ज्यानं मला मरणातून वढलं त्याला आता म्हणू व्हय, की माश्यांसाठी बांध देत नाय? तो काय म्हणंल? बापावर गेला म्हणंल."

एवढं बोलून तो मान खाली घालून घराकडं गेला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. तो लहानपणापासून असाच आहे, देताना मागचापुढचा विचार नाही.

मी तिथंच बसले, माझ्या जुन्या जागी. दुपार कलत होती. हिवराच्या शेंड्यावर एक करडा पक्षी बसला होता, डोळ्यावरून काळी पट्टी, चोच पुढं वाकडी. बुलबुल ओरडत होते. जाळीत काहीतरी सरपटलं. आणि मग पलीकडं, त्याच्या जुन्या जागी, शेजारी येऊन बसला. म्हशी नव्हत्या, बाकी सगळं तसंच. मी रोखून पाहिलं. त्यानंही पाहिलं. मला वाटलं, आला ताबा घ्यायला.

"ताई," तो म्हणाला, "तो बघा."

मी हिवराकडं पाहिलं नाही. त्याच्या हातांकडं पाहिलं. सवय.

"तो पक्षी बघा म्हणतो मी. खाटीक."

त्याच क्षणी तो करडा पक्षी खाली झेपावला, गवतातून काहीतरी उचललं आणि बोरीच्या जाळीवर येऊन बसला. चोचीत टोळ होता. त्यानं तो काट्यावर दाबला, मान वेळावून ओढला, पुन्हा दाबला. टोळ आरपार खोचला गेला. पक्षी उडून परत शेंड्यावर जाऊन बसला. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले.

"जास्तीचं असं टांगून ठिवतो, मग सवडीनं खातो," शेजारी म्हणाला. "ह्याचे आजेपणजे व्हते तव्हा. मी बघितलं व्हतं, पोरगा असताना."

"भानामती म्हणून माझ्या बापानं तुमच्या बापाचा उद्धार केला व्हता, तव्हा तुमाला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाय?"

"कुणाला? आमच्या बापाला सांगितलं तर त्यानं कानाखाली काढली, दुश्मनाची बाजू घेतो म्हणून. तुमाला सांगायचं तर बांध वलांडून यावं लागलं असतं." त्यानं पुन्हा शेंड्याकडं पाहिलं. "मला वाटायचं तुमीबी बघताय. रोज टक लावून बसायच्या."

"मी तुमच्याकडं बघत व्हते."

"मी न्हवतो. म्हणजे पहिल्या-पहिल्यांदा व्हतो. मग म्हणलं, ही पोरगी काय काडी उचलत नाय. मग मी घोरपड बघायचो, मुंगसं बघायचो. दुसरं करायचं काय?"

मला अंगावर घडाभर पाणी ओतल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी ज्या नजरेला नजर देत बसले होते ती माझ्यावर नव्हतीच. वाईट वाटलं. आणि लाजही वाटली, कारण त्या बांधाबद्दल अभिमानानं बोलणारी मी, आत काय राहतं ते मला कधी दिसलंच नव्हतं.

पण मी वडिलांची मुलगी. लगेच म्हटलं, "एवढा जीव हाय बांधावर, तर उद्याच्या जेसीबीला नाय म्हणा की."

"कसं म्हणू?" तो म्हणाला. "तुमच्या भावानं जीव लावून दिलंय. घेत नाय म्हणलं तर त्याला वाटंल, मनातून अजून दुश्मनच हाय. बांध ठिवू म्हणलं तर गाव म्हणंल, बघा, ह्याला अर्धा नको, अख्खा पाहिजे. अन् तुमी? तुमी काय म्हणला असता?"

मी काय म्हटलं असतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"ताई, तुमी उद्या जेसीबीला आडव्या या," तो हळूच म्हणाला. "तुमचं नाव उताऱ्यावर हाय. अन् राग नका धरू, पण तुमचा स्वभाव साऱ्या शिवाराला म्हाईत हाय. तुमी शक घेतला तर कुणाला नवल वाटायचं नाय. माझ्यावरच घ्या. चोर म्हणा."

मी उठले. हा सापळा आहे, असं माझं मन ओरडून सांगत होतं. मी आडवी आले की हा गावात भला ठरणार, मी वाईट. बांध वादात राहणार, आणि उद्या मी म्हातारी झाले की हा सावकाश अख्खा गिळणार. त्याच्या गोड बोलण्यात कुठं खोट आहे ते मला सापडत नव्हतं, आणि न सापडणारी खोट सगळ्यात वाईट. मी बांधाच्या कडेनं विहिरीकडं चालायला लागले.

विहिरीजवळच्या टोकाला हिवराची एक वाळकी फांदी पडलेली होती. मनगटाएवढी जाड, एक टोक मोडून तासलेलं, आणि त्या टोकाला आमच्या स्टार्टरच्या पेटीचा निळा रंग खरवडून लागलेला. मी खाली बसले. पानगळीवर फांदीची जुनी जागा दिसत होती, मातीत तिच्या आकाराची खाच होती, आणि फांदी बरोबर त्या खाचेत बसवलेली होती. वाळक्या लाकडात बोट जाईल अशी गोल भोकं होती. एका भोकातून काळा भुंगा मागं मागं सरकत बाहेर आला, माझ्याकडं तोंड करून जरा गुणगुणला आणि कांद्याच्या गोंड्यांकडं निघून गेला.

"हीच ना ती?" मी मागं न वळता विचारलं. तो पलीकडून बरोबरीनं चालत आला होता, मला पावलं ऐकू आली होती.

"व्हय. त्या येळंला दुसरं काय सुचलं नाय, हीच हाताला लागली. दवाखान्यातून आलो अन् ठिवून दिली जागच्या जागी." मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, "आत भुंग्यांचं घर व्हतं ना."

माझ्या भावाला मरणातून ओढायला त्यानं ती फांदी उचलली होती. दोन पिढ्यांत त्या बांधावरून उचललेली पहिली काडी. आणि भाऊ वाचल्यावर ती परत आणून ठेवली होती, कुणी पाहत नसताना. मी डोळे पुसले. ज्याला बांध गिळायचाय तो काडी परत ठेवत नाही, एवढं माझ्यासारखीलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. भाऊ नारळ घेऊन उभा होता. शेजारी टोपी घालून आला होता. शिवारातले चार लोक बघायला जमले होते. मी फक्कीच्या रेघेवर जाऊन उभी राहिले आणि तोंड सोडलं. उताऱ्यावर माझं नाव आहे, माझी सही नाही, माझ्या बापाचा दावा मिटलेला नाही. रेघ कुणी ओढली? आमच्या बाजूला का वळली? ताक पाठवून जमिनी घेता येतात होय? मी वडिलांसारखेच हातवारे करत होते आणि माझा आवाजही त्यांच्यासारखाच फाटत होता. खरं सांगते, मला ते अवघड गेलं नाही. शब्द तयारच होते, फक्त त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्यातला एकही मला खरा वाटत नव्हता.

शेजारी मान खाली घालून ऐकत राहिला. भाऊ पांढराफटक पडला. "आक्का, ज्यानं मला वाचवलं त्याला तू चोर म्हणतीस?" असं तो म्हणाला. खरं काय ते त्याला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर त्यानं शेजाऱ्याची भीड समजून दुप्पट हट्टानं बांध काढून दिला असता, मी त्याला ओळखते. "व्हय, म्हणते," मी म्हटलं. जेसीबीवाल्यानं माझ्याकडं आणि भावाकडं आळीपाळीनं पाहिलं, बाईमाणसाच्या भानगडीत नको म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला.

भाऊ माझ्याशी बोलेना. मी गेले की भावजय जेवायला वाढते, तो ताट घेऊन ओट्यावर जातो. राखीला गेले, त्यानं हात पुढं केला पण तोंड फिरवलं. गावात म्हणतात, बाप गेला पण ठसा ठेवून गेला. आणि त्या दोघांची मैत्री मात्र आधीपेक्षा घट्ट झाली. माझ्या नावानं बोटं मोडत दोघं रोज चहा पितात, म्हणजे बोटं भाऊ मोडतो आणि शेजारी ऐकतो. शहरात मशिनवर बसल्या बसल्या मला कधी कधी जुनी शंका येते, की या माणसानं मला चांगलंच वापरून घेतलं. भाऊ त्याचा, नाव त्याचं, आणि मी बाहेर. असं मनात आलं की त्या आठवड्यात मी पिशोरची गाडी धरते.

यंदा डेंगळे फुलले तेव्हा गेले होते. आधी विहिरीकडच्या टोकाला जाऊन पाहिलं. फांदी जागेवर होती आणि तिच्यात एक ताजं भोक पडलेलं होतं, खाली पिवळसर भुसा सांडलेला. मग माझ्या जागेवर जाऊन बसले. जरा वेळानं भाऊ आणि शेजारी पलीकडच्या कडेनं बोलत आले. मला पाहून भाऊ थांबला आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाला, "बघ, आली. अजून शक जात नाय हिचा. काय मिळालं हिला ह्यातून?"

"असू दे," शेजारी म्हणाला. "कुणीतरी राखणीला पाहिजेच."

भाऊ हसला, त्याला तो टोमणा वाटला. तो पुढं निघून गेला. शेजारी क्षणभर मागं राहिला, माझ्याकडं न पाहता त्यानं हिवराच्या शेंड्याकडं पाहिलं, आणि मीही तिकडंच पाहिलं.